साहेब येणार म्हणून आवरलेलं घर

मोडलेल्या वस्तूंच्या याद्या करणं हे माझं काम आहे. कुणी विचारलं तर मी "विम्याच्या ऑफिसात असते" एवढंच सांगते. त्यापुढे काही सांगितलं की समोरचा माणूस एक तर आपल्या गळ्यात पॉलिसी पडेल या भीतीने विषय बदलतो, नाही तर त्याच्या मेव्हण्याचा क्लेम कंपनीने कसा बुडवला ते सांगायला बसतो. मला दुसऱ्या प्रकारची माणसं आवडतात. मला बोलावं लागत नाही.

वडील रेल्वेत होते, म्हणून माझी शाळा दौंडला झाली, इंग्रजी माध्यमात. ते निवृत्त झाल्यावर आम्ही शिरूरला आलो. बी.कॉम. झाल्यावर घराजवळ काम हवं म्हणून मी मुजावरकाकांच्या ऑफिसात विचारायला गेले. एस.टी. स्टँडच्या मागे, कापडाच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, एक टाइपरायटर, आणि भिंतीला एकाच खिळ्यावर तीन वर्षांची कॅलेंडरं. मुजावरकाका विमा कंपनीचे एजंट. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या शिरूरचं, आणि तालुक्यात त्यांना चहा मिळत नाही असं गाव नाही.

"इंग्लिश मीडियम?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बोलता येतं?"

"लिहिता येतं."

"मग झालं. बोलायला मी आहे की. उद्यापासून ये."

एवढीच मुलाखत. तेव्हापासून आमची कामाची एक पद्धत पडली. पॉलिसी म्हणजे चार पानं बारीक इंग्रजी. ज्याचं घर आहे त्याला ती वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येते तो ती वाचत नाही. मी वाचायची, मराठीत चिठ्ठीवर लिहून काकांपुढे सरकवायची, आणि काका ती पदरचे चार शब्द घालून गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं काकांना सगळं पाठ आहे. माझी काही हरकत नव्हती.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. तुमचं नुकसान झालं की कंपनीचा साहेब बघायला येत नाही. येतो तो सर्व्हेअर. तो कंपनीचा नोकर नसतो. परवाना असलेला स्वतंत्र माणूस असतो, बहुतेक वेळा इंजिनियर. तो बघतो, मोजतो, फोटो काढतो आणि रिपोर्ट देतो. कंपनी त्या रिपोर्टावर चालते. म्हणजे तुमचं घर पडलं की नाही हे तुमच्या घरात ठरत नाही, त्या रिपोर्टात ठरतं. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका गृहस्थांनी नुकसानीच्या यादीत नवव्या ओळीवर 'मनस्ताप' लिहून पुढे रक्कमही टाकली होती. मी खोडायला निघाले तर काका म्हणाले, "राहू दे. खोडायला कंपनी आहे. आपण कशाला त्याच्या मनस्तापावर काट मारायची?"

मला सांगायची आहे ती गोष्ट साळवे सिस्टरांची.

साळवे सिस्टर आरोग्य खात्यात नर्स होत्या. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी कवठे येमाईच्या उपकेंद्रात काढली. काका पॉलिसीच्या फेरीला तिकडे जायचे तेव्हाची त्यांची ओळख. निवृत्तीच्या आधी सिस्टरांनी दौंडला, रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत, बँकेचं कर्ज काढून घर बांधलं. पुढची खोली स्लॅबची, मागची मोठी खोली पत्र्याची. बँकेने विमा मागितला, तो काकांनी घर आणि सामान दोन्हीचा काढून दिला. मुलगा नोकरीला गुजरातेत होता, यजमान वारलेले, त्यामुळे घरात त्या एकट्या. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर नोकरीतल्या जुन्या डायऱ्या. लसीकरणाच्या नोंदवहीत आपण आयुष्यात एकही खोटी नोंद केली नाही, हे त्या अभिमानाने सांगायच्या नाहीत, सहज सांगायच्या.

आमच्याकडे समुद्र नाही. चक्रीवादळ आम्ही पेपरात वाचतो. आमचं वादळ वैशाखात दुपारी येतं आणि अर्ध्या तासात निघून जातं. त्या वर्षी ते दौंडवर आलं आणि सिस्टरांच्या मागच्या खोलीचे पत्रे घेऊन गेलं. पत्रे ज्या भिंतीत अडकवले होते त्या भिंतीचा वरचा भाग आत कोसळला. टीव्ही, शिलाई मशीन, लाकडी पलंग, मांडणी, भांडी, सगळं विटांखाली. त्यावर गारा आणि पाऊस. सिस्टर पुढच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या.

त्यांनी दुसऱ्या दिवशी एस.टी.डी. बूथवरून फोन केला. काकांनी यादी विचारून घेतली, मी फॉर्म टाइप केला, काका तो दौंडच्या शाखेत देऊन आले. चार दिवसांनी शाखेतून निरोप आला की सर्व्हेअर शनिवारी सकाळी येतील. तो निरोप सिस्टरांना कळवायचं काम माझं होतं. फोनवर बोलायचं मी तेव्हा टाळायची. शिरूर–दौंड गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली: 'शनिवारी सकाळी सर्व्हेअर पाहणीसाठी येतील. घरी थांबावे.'

दोन वाक्यं. तिसरं वाक्य लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही: कशालाही हात लावू नका. पॉलिसीच्या तिसऱ्या पानावर ती अट आहे. मी ती कित्येक वेळा वाचली होती. पडलेलं घर पडलेलंच दाखवायचं, हे सांगायला कशाला हवं, असं मला वाटलं असावं.

पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर नर्स काय करते ते मला ठाऊक नव्हतं. आरोग्य खात्यात सगळा जन्म काढलेल्या बाईला त्याचा एकच अर्थ माहीत असतो. तालुक्याचे अधिकारी यायचे म्हटलं की उपकेंद्र झाडून, धुऊन, चादरी बदलून, टेबलावर फुलदाणी ठेवून तयार. सिस्टरांनी वस्तीला सांगितलं, शनिवारी पुण्याचे साहेब येणार आहेत. आणि वस्ती कामाला लागली.

दोन दिवसांत मुलांनी विटा उचलल्या आणि चिखलात रचून भिंत परत उभी केली, वर चुना फासला. वाकडे पत्रे ठोकून सरळ केले, जे होईनात त्यांच्या जागी इकडून-तिकडून आणून लावले. मोडका पलंग, फुटका टीव्ही, वाकलेलं मशीन आणि चेपलेली भांडी आप्पा जगतापांच्या रिकाम्या शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन टाकली. साहेबांपुढे असा पसारा कशाला? मग खोली भकास दिसायला लागली. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की शेजारपाजारहून खुर्च्या, कपबशा, पडदे येतात, तसं सुरू झालं. शेजारच्या रुक्सानाभाभींनी लोखंडी पलंग दिला, स्टीलचा हंडा दिला. टीव्हीची जागा रिकामी दिसते म्हणून टीव्हीसुद्धा दिला, कव्हरसकट. तरुण मंडळाने खुर्च्या दिल्या. दारात रांगोळी काढली.

शनिवारी सर्व्हेअर पेंडसे साहेब आले. त्यांना त्या दिवशी आणखी सात ठिकाणी जायचं होतं. त्यांनी भिंत बघितली, पत्रे बघितले, टीव्ही लावून बघितला. तो लागला. त्यांनी विचारलं, "नुकसान कुठाय?"

"झालं होतं साहेब," सिस्टर म्हणाल्या. "आवरलं सगळं. तुम्ही पोहे घ्या."

हे सगळं आम्हाला महिन्याने कळलं. त्याआधी आलं ते कंपनीचं पत्र.

सिस्टर ते पत्र घेऊन दौंडहून शिरूरला आल्या. पांढरी साडी, पायात चपलांऐवजी बूट, हातात पिशवी. त्या बसल्या नाहीत. पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"वाच पोरी. मला अर्धं कळलं. उरलेलं तू सांग."

पत्रात होतं की काही पत्र्यांचे पैसे मंजूर केले आहेत. भिंतीचं आणि सामानाचं नुकसान दिसून आलं नाही. यादीतल्या वस्तू पाहणीच्या वेळी सुस्थितीत आढळल्या. आणि शेवटी एक वाक्य होतं: विमाधारकाने नुकसान वाढवून सांगितलं असून चुकीची माहिती दिली आहे. मी चिठ्ठी लिहायला घेतली आणि त्या वाक्यापाशी थांबले.

"लिही," सिस्टर म्हणाल्या. "मला कळलंय ते. तरी लिही."

काकांनी चिठ्ठी वाचली आणि, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, पदरचं काही घातलं नाही. मग हळूहळू त्यांनी सिस्टरांना बोलतं केलं आणि रांगोळीपर्यंतची सगळी हकिकत बाहेर आली. काका डोक्याला हात लावून हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

"सिस्टर, पडलेलं घर दाखवायचं होतं हो."

"मुजावरभाऊ, असं उकिरड्यासारखं घर साहेबांना दाखवायचं? नोकरीत कधी दाखवलं नाही मी."

"आता ती भिंत पावसात टिकेल का?"

"न्हाई टिकायची. चिखलाची आहे. मी तिकडं झोपत नाही, पुढं झोपते. पण भिंतीचं जाऊ द्या. हे खोटं बोलल्याचं काय? आणि ती रुक्साना माझ्याकडं येईनाशी झाली. म्हणते, आमच्या टीव्हीनं तुमचा घात केला. सगळी गल्ली तोंड चुकवते माझं. मला पैसे नंतर द्या. आधी हे वाक्य काढून द्या."

मी टाइपरायटरमध्ये कागद घातला. एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

कंपनीशी भांडायची एक रीत असते. आधी शाखेला पत्र, मग वरच्या ऑफिसला, मग विम्याचा लोकपाल किंवा ग्राहक मंच. प्रत्येक पत्रात तारीख, पॉलिसी नंबर, आणि एकच मुद्दा. रागाचं एक विशेषण घातलं तरी समोरचा त्या विशेषणाचं उत्तर देतो आणि मुद्द्याचं देत नाही. मला राग बोलून दाखवता येत नाही, त्यामुळे ही रीत मला जमते. मी लिहिलं की पाहणीत दिसलेलं सामान विमाधारकाचं नव्हतं, फेरपाहणी करावी. शिवाय रिपोर्टाची प्रत मागितली.

आठ दिवसांनी आम्ही दौंडच्या शाखेत गेलो. शाखाधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना चहा दिला आणि म्हणाले, "मुजावर, शेजाऱ्यांचं सामान होतं हे आता कुणीही म्हणेल. गोठ्यात मोडका टीव्ही आहे म्हणता. भंगारात शंभर मिळतील. शेजारी काय, साक्ष देणारच."

"साहेब, बाई खोटं बोलायची नाही."

"तुम्ही नक्की कुणाचे एजंट आहात हो? आमचे का त्यांचे?"

"कागदावर तुमचाच," काका म्हणाले. "पण बाजारात मला रोज फिरायचंय. माझं तोंड बघून लोक सही करतात. तुमची कंपनी कुणी बघितलीय?"

शाखाधिकारी हसले, पण फाइल काही हलली नाही. मला त्यांनी रिपोर्टाची झेरॉक्स दिली. फोटोंची झेरॉक्स म्हणजे काळे ठोकळे. मी चिठ्ठी लिहून काकांकडे सरकवली: मूळ फोटो बघायला मिळतील का? काकांनी ते मागितलं. शाखाधिकारी म्हणाले, "बघा की, त्या कोपऱ्यात बसून. बाहेर न्यायचे नाहीत."

बारा फोटो होते. मी त्यांच्याबरोबर एक तास बसले. पहिली वीस मिनिटं मला सुस्थितीतलं घर दिसलं, कंपनीला दिसलं तसंच. सिस्टरांबद्दल मनात शंकाही येऊन गेली, हे लिहायला नको वाटतं, पण आली होती. मग मी खोली बघणं सोडून एकेक वस्तू बघायला लागले.

आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्याच्यावर नाव घालून घेतात. नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही, कारण लग्नाकार्यात ते शेजारी जाणार आणि परत यायला हवं. हंड्याच्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं: 'सौ. रुक्साना र. शेख'. फोटो तिरपा धरला की स्पष्ट दिसायचं. खुर्च्यांच्या पाठीवर ऑइलपेंटने मंडळाचं नाव. लोखंडी पलंगाच्या पायाकडच्या पट्टीवर 'शेख'. आणि टीव्हीच्या कव्हरवर दोन गुलाबांच्या मध्ये लाल दोऱ्याने भरलेलं 'रुक्साना'. पेंडसे साहेबांनी टीव्ही लागतो का ते बघण्यासाठी कव्हर वर सरकवलं होतं, तरी नावाची पहिली दोन अक्षरं दिसतच होती, बाकीचं हंड्यावरून कळत होतं. बारा फोटोंत 'साळवे' हे नाव घातलेली एकच वस्तू होती. पोह्यांची बशी.

काका पलीकडे शाखाधिकाऱ्यांना कुठल्यातरी लग्नाची गोष्ट सांगत होते. मी चिठ्ठी लिहिली: 'सामानावर नावं आहेत. बशी सोडून एकही सिस्टरांचं नाही.' काकांनी ती वाचली, गोष्ट तिथेच सोडली आणि चिठ्ठी तशीच शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवली. ते उठून माझ्या टेबलापाशी आले, चष्मा वर केला आणि बाराही फोटो बघितले. मग जागेवर जाऊन पुण्याला पेंडसे साहेबांना फोन लावला.

त्या रात्रीच्या आत मी तक्ता टाइप केला: फोटोचा क्रमांक, वस्तू, वस्तूवरचं नाव, ती वस्तू आज कुणाच्या घरी आहे. आजवर टाइप केलेल्या कागदांपैकी मला सगळ्यात आवडणारा कागद तो आहे.

फेरपाहणीच्या वेळी पावसाळा सुरू झाला होता. काकांनी सिस्टरांना आधी बजावलं होतं, झाडू मारायचा नाही, रांगोळी नाही, पोहे नाहीत. सिस्टरांनी ऐकलं, पण त्यांचा जीव खालीवर होत होता. पेंडसे साहेब दारात आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पसारा आहे साहेब. मला सांगितलंय आवरू नको म्हणून. मी अशी नाही."

पेंडसे साहेब उंच, थकलेले, पन्नाशीचे गृहस्थ. ते सरळ मागच्या खोलीत गेले, चुना फासलेल्या भिंतीवर तळहात टेकवला आणि दाबला. भिंत हलली. त्यांनी हात चटकन मागे घेतला. मग म्हणाले, "मागच्या वेळी मी हे केलं नाही." कुणी विचारलं नसताना म्हणाले. गोठ्यात जाऊन त्यांनी मोडकं सामान बघितलं, शिलाई मशीनचा नंबर पावतीशी ताडून बघितला. मग माझा तक्ता आणि फोटो हातात घेऊन ते शेजारी निघाले. सगळी गल्ली मागे.

पहिलं घर रुक्सानाभाभींचं. दारातूनच टीव्ही दिसत होता, त्याच कव्हरखाली.

"हा टीव्ही तुमचा का?" साहेबांनी विचारलं.

भाभींनी साहेबांकडे बघितलं, सिस्टरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई साहेब. सिस्टरचाच हाय तो. मी आणलाय बघायला."

काकांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. साहेबांनी तक्त्यावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. भाभींना वाटत होतं की आता टीव्ही आपला म्हटलं तर सिस्टरांनी दुसऱ्याचं सामान स्वतःचं म्हणून दाखवल्याचं उघड होईल. त्या सिस्टरांना वाचवत होत्या.

"रुक्साना, खरं सांग," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यासाठी खोटं बोलू नको."

"खरंच सांगती. तुमचाच हाय. अल्लाची..."

"शप्पथ घेऊ नको!"

काकांनी माझ्याकडे बघितलं, पण भाभींना वाचता येत नव्हतं आणि चिठ्ठीचा काही उपयोग नव्हता. मी म्हणाले, "भाभी, टीव्ही तुमचा असला, तरच सिस्टरांचा मोडला हे खरं ठरतं. तुमचा नसला तर त्या खोट्या पडतात."

भाभींनी क्षणभर हिशेब केला. मग कपाळावर हात मारला.

"असं व्हय! मंग आधी सांगाया न्हाई का? माझाच हाय! कव्हर म्या भरलंय, हे बघा नाव. पलंग माझा, हंडा माझा. ह्यांनी तर रांगोळीची डबी पण माझीच नेली व्हती."

"डबी लिहू नका साहेब," सिस्टर म्हणाल्या. "डबी माझी होती. रंग हिचे होते."

मग मात्र गल्लीला आवरणं कठीण झालं. मंडळाची मुलं खुर्च्या डोक्यावर घेऊनच आली. कुणी म्हणालं पडदा आमचा, कुणी म्हणालं कपबशा आमच्या. पेंडसे साहेब एकेक वस्तू फोटोशी जुळवून बघत होते आणि फोटोत असेल तेवढंच लिहीत होते. निघताना त्यांनी सिस्टरांना विचारलं, "मागच्या वेळी मला का सांगितलं नाही, हे सामान शेजारचं आहे म्हणून?"

"तुम्ही विचारलं नाही साहेब. आणि उसनं आणलंय हे पाहुण्याला कोण सांगतं?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं तेही लिहिलं असावं.

आपला रिपोर्ट चुकला हे लेखी देणारे सर्व्हेअर मी फार बघितलेले नाहीत. त्यात नाव जातं, पुढची कामं जातात. पेंडसे साहेबांनी तीन पानांचा पुरवणी रिपोर्ट दिला. 'पहिल्या पाहणीत मी वस्तूंची मालकी तपासली नाही, ही माझ्याकडून राहिलेली त्रुटी आहे,' असं वाक्य त्यात पहिल्याच परिच्छेदात होतं. मी अजून कुणाचं इंग्रजी तपासून द्यायचं असलं की ते वाक्य आठवते. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

कंपनीचं सुधारित पत्र दसऱ्याच्या सुमारास आलं. सगळं मिळालं नाही. जुन्या वस्तू म्हणून घसारा कापला, आणि भांडी पॉलिसीत बसली नाहीत. सिस्टरांनी पावसाळा पुढच्या खोलीत काढला. चिखलाची भिंत श्रावणात बसली, कुणाला लागलं नाही, पण माझी ती दोन वाक्यांची चिठ्ठी नीट असती तर तो पावसाळा त्यांनी तसा काढला नसता. तेव्हापासून प्रत्येक पॉलिसीला मी मराठीत अर्धं पान जोडते. पहिली ओळ आहे, 'नुकसान झाल्यावर घर आवरू नका.' कोरेगाव भीमाच्या एका दुकानदाराने ती इतकी मनावर घेतली की भिजलेली कडधान्यं सर्व्हेअर येईपर्यंत नऊ दिवस तशीच ठेवली आणि सर्व्हेअरने रिपोर्ट रस्त्यावर उभं राहून लिहिला.

पत्र घेऊन आम्ही दौंडला गेलो. मला वाटलं होतं, सिस्टर रक्कम विचारतील. त्यांनी विचारलं, "ते वाक्य?"

"मागे घेतलंय," मी म्हणाले. "विमाधारकाने कोणतीही चुकीची माहिती दिलेली नाही, असं लिहिलंय."

त्यांनी ते इंग्रजीत वाचायला लावलं, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. "बस," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन हाका मारायला लागल्या. "रुक्साना! आप्पा! अरे मंडळवाले! या सगळे."

अर्ध्या तासात पुढच्या खोलीत आणि दाराबाहेर पंचवीस माणसं जमली. मंडळाच्या खुर्च्या परत आल्या, पण या वेळी बसायला. "हिनं वाचायचं," सिस्टर म्हणाल्या. मी काकांकडे बघितलं. काका पान लावत होते. त्यांनी वर बघितलंच नाही.

मी शाळेत असल्यापासून चार माणसांपुढे कधी काही वाचलं नव्हतं. उभी राहिले. आधी पत्र वाचलं आणि मराठीत सांगितलं. मग लोकांना पुरवणी रिपोर्टही ऐकायचा होता. त्यात मालकी तपासलेल्या वस्तूंची यादी होती. मी वाचत गेले: एक रंगीत टीव्ही, मालक श्रीमती रुक्साना शेख. एक लोखंडी पलंग, मालक त्याच. सहा खुर्च्या, तरुण मंडळ. प्रत्येक नावाला माणसं हसत होती, नाव आलेल्याला ढकलत होती. भाभी म्हणाल्या, "इंग्लिशमदी माझं नाव! परत वाचा." मी परत वाचलं. तोवर माझा आवाज मलाच ओळखीचा वाटायला लागला होता.

यादी संपली. गोठेवाले आप्पा जगताप दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. म्हातारे, रेल्वेत गँगमन होते.

"मॅडम, माझ्या स्टुलाचं न्हाई आलं व्हय?"

"कुठलं स्टूल आप्पा?"

"साहेब ज्याच्यावर चढून पत्रं बघत व्हते त्ये. माझं हाय की. सागवानी हाय."

मी रिपोर्ट चाळला. स्टूल कुठे नव्हतं. साहेब स्टुलावर उभे राहून फोटो काढत होते, मग स्टुलाचा फोटो येणार कसा? मी आप्पांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरुबर हाय," म्हणाले, पण चेहरा पडला. सगळ्यांची नावं आली होती.

"लिहून टाक की त्याच्यात," मंडळाचा एकजण म्हणाला. "खाली जागा हाय."

मी पेन काढलं. सिस्टरांनी माझा हात धरला.

"कंपनीच्या कागदावर आपण काही लिहायचं नाही. त्यांनी जे बघितलं तेवढंच त्यांच्या कागदावर राहील." त्यांनी कपाटातून डायरी काढली, मागचं एक कोरं पान नीट फाडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "वेगळं लिही."

मी लिहिलं: 'पहिल्या पाहणीच्या दिवशी सर्व्हेअर ज्या सागवानी स्टुलावर उभे होते ते स्टूल आप्पा जगताप यांचे होते व पाहणीनंतर त्यांना परत केले आहे.'

सिस्टरांनी ते वाचलं, 'परत केले आहे' याच्यापाशी थांबून आप्पांना विचारलं, "मिळालं ना?" आप्पा म्हणाले, "त्याच दिशी." मग सिस्टरांनी खाली सही केली, तारीख घातली, पान कंपनीच्या पत्रामागे ठेवलं आणि दोन्हीला टाचणी लावली.

"आता वाच," त्या मला म्हणाल्या. "मोठ्यांदा. आप्पांना ऐकायला कमी येतं."